तपासणीत पहिली आलेली गल्ली

दोघी सख्ख्या बहिणी, आणि मध्ये एक रस्ता.

थोरली रस्त्याच्या या बाजूला पहिल्या मजल्यावर राहायची, मुलाच्या आणि सुनेच्या घरी. धाकटी बरोबर समोर, फाटक आणि चिमूटभर अंगण असलेल्या बैठ्या घरात. थोरलीच्या खिडकीतून धाकटीच्या बैठकीतलं घड्याळसुद्धा दिसायचं, फक्त त्याचे काटे दिसायचे नाहीत. इतकं जवळ. आणि तरी थोरलीनं तो रस्ता कित्येक महिन्यांत ओलांडला नव्हता.

त्याचं असं झालं, की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, हातात काठी आली, चाल मात्र कासवाची झाली. एका दुपारी ती धाकटीच्या फाटकातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडू लागली. दोन-चार पावलं गेली असेल नसेल, तेवढ्यात एक गाडी सूंऽऽ करून इतक्या जवळून गेली की हातातली काठी उडून पार गटाराशी जाऊन पडली. थोरलीला खरचटलंदेखील नाही. कुणीतरी हाताला धरून तिला घरी पोचवलं, कुणीतरी काठी आणून दिली. काठी सापडली, पण धीर काही सापडला नाही.

तेव्हापासून ती पलीकडे गेली नाही. धाकटी यायची अधूनमधून, पण तिच्या मागे गल्लीची शंभर कामं. ती टेकायची, बोलायची आणि निघायची. बहिणींचा लहानपणापासूनचा संध्याकाळचा बुद्धिबळाचा डाव मात्र मोडून चालणार नव्हता. म्हणून दोघींनी दोन पट मांडले, एक इकडे, एक तिकडे, आणि डाव फोनवर सुरू झाला.

"माझा घोडा तुझ्या हत्तीसमोर," थोरली म्हणायची.

"कुठला घोडा? तो मी मघाशीच मारला."

"माझ्या पटावर चांगला धडधाकट उभा आहे."

"ताई, मेलेले घोडे उठवू नकोस हं. काल प्रधान उठवलास, आज घोडा."

"छकुले, लहानपणी मोहरे फ्रॉकच्या खिशात कोण घालायचं? मी?"

छकुली म्हणजे धाकटी. वय विचारू नये, पण शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊनही तिला बरीच वर्षं झाली होती. अख्खी गल्ली तिला 'मोठ्या बाई' म्हणायची. थोरलीला त्याची गंमत वाटायची. "घरात शेंडेफळ आणि बाहेर मोठ्या बाई! जग कसं फसतं बघा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दोन पटांवरचे दोन डाव शेवटपर्यंत कधी जुळायचे नाहीत. रोज दोघीही जिंकायच्या, आणि रोज दोघीही भांडायच्या. पण खिडकीतून पाहिलं तर कळायचं, की फोन ठेवल्यावर थोरली बराच वेळ पट आवरत नसे. समोरच्या फाटकाकडे बघत बसे.

आता या गल्लीबद्दल. गल्ली रुंद होती, सरळ होती, आणि दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी होती. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायचा असेल तर या गल्लीत घुसायचं, हे सगळ्या शहराला माहीत झालं होतं. सिग्नलपाशी खोळंबायला नको म्हणून आत शिरलेला माणूस सावकाश कशाला जाईल?

थोरलीची सून महापालिकेच्या रस्ते विभागात अभियंता होती. तिच्या टेबलाचं कामच हे, की राहत्या वस्तीतल्या गल्ल्यांमधून गाड्या सावकाश कशा जातील ते बघायचं. कुठं रस्ता अरुंद करायचा, कुठं त्याला हलकंसं वळण द्यायचं, कुठं पायी चालणाऱ्यांसाठी तो थोडा उंच करायचा.

"एवढा खटाटोप कशाला गं?" थोरलीनं तिला एकदा जेवताना विचारलं. "एक पाटी लावायची. 'वाहने सावकाश चालवा.' संपलं."

"आई, पाटी हळू म्हणते. पण रुंद, सरळ, मोकळा रस्ता गाडीवाल्याला म्हणतो, पळ. त्या दोघांचं भांडण लागलं की रस्ताच जिंकतो. म्हणून आम्ही रस्त्यालाच वेगळं बोलायला शिकवतो."

"मग आपल्या रस्त्याला शिकव ना. घरचीच तर आहेस."

"घरची आहे म्हणूनच नाही शिकवता येत. आपल्या गल्लीचा अर्ज आला तर तो माझ्या टेबलावर येणारच नाही, शेजारच्या टेबलावर जाईल. तसा नियम आहे."

"कसला मेला नियम," थोरली म्हणाली. पण सुनेचं तिला पटलं होतं. पुन्हा तिनं तो विषय सुनेपाशी काढला नाही. धाकटीपाशी काढला.

धाकटीला अर्ज करायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. तिनं दुसऱ्याच दिवशी बैठक बोलावली, स्वतःच्या बैठकीत. माणसं आली, खुर्च्या पुरल्या नाहीत. स्पीडब्रेकर हवा, यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं. कुठं हवा, यावर मात्र बैठक तुंबली.

"माझ्या दवाखान्यासमोर नको," दातांचे डॉक्टर म्हणाले. "ट्रक उसळला की खिडक्या थरथरतात. त्याच वेळी माझा हात पेशंटच्या तोंडात असतो. पुढचं तुम्हीच समजून घ्या."

"माझ्याही दाराशी नको," गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "दर मिनिटाला धडाम! मुलं सम कुठली धरणार, माझी की ट्रकची?"

"मग अगदी टोकाला करा," एकानं सुचवलं.

"टोकाला मी राहतो," मागून आवाज आला.

थोडक्यात, स्पीडब्रेकर हवाच होता, पण शेजाऱ्याच्या दारात. शेवटी धाकटीनं टेबलावर हात आपटला आणि कुठं, काय ते महापालिकाच ठरवेल असं अर्जात लिहून टाकलं. स्वतःच्या फाटकासमोर करा असं तिनंही सुचवलं नव्हतं. तिथं तिची गाडी उभी असायची. लांबलचक, जुनी, पण पुसून पुसून आरशासारखी झालेली.

अर्ज गेला. थोरली रोज विचारायची, "काय झालं?" सूनबाई रोज सांगायची, "आधी मोजणी होते, आई. खरंच गाड्या वेगात जातात का ते बघतात." पण कधी होते ते तिनं सांगितलं नाही. तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. मोजणीची वेळ गल्लीला कळू द्यायची नाही, हा त्या कामाचा पहिला धडा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सूनबाई आठवडाभरासाठी प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली. आणि नेमक्या त्याच सोमवारी सकाळी दोन माणसं येऊन रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकून गेली. नळ्यांची टोकं कडेला खांबापाशी एका कुलूपबंद पेटीत शिरली होती. यंत्र साधं असतं. गाडीचं चाक पहिल्या नळीवरून गेलं की पेटीला कळतं, दुसरीवरून गेलं की पुन्हा कळतं, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून वेग निघतो.

माणसांनी शेवटचा खिळा ठोकण्याआधी धाकटी तिथं हजर होती.

"काय चाललंय?"

"मोजणी आहे, बाई. आठवडाभर राहील."

"कुणाची मोजणी?"

"गल्लीची," त्या माणसानं सांगितलं आणि हातोडी पिशवीत टाकली.

झालं! एवढे दोन शब्द धाकटीच्या कानावर पडले आणि तिच्या अंगात निवृत्तीच्या आधीची सगळी वर्षं एकदम संचारली. गल्लीची मोजणी म्हणजे तपासणी. तपासणी म्हणजे शाळेत साहेब येणार. साहेब येणार म्हणजे भिंती पुसायच्या, नखं कापायची, आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. तपासणीत तिची शाळा कधी दुसरी आली नव्हती. गल्लीही येणार नव्हती.

तासाभरात गल्लीतल्या प्रत्येकाच्या फोनवर तिचा संदेश पोचला. आपल्या गल्लीची तपासणी सुरू आहे. सर्वांनी गाड्या अत्यंत सावकाश चालवाव्यात. बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही.

आणि गल्लीनंही कसर ठेवली नाही. दातांचे डॉक्टर दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. गाण्याच्या बाईंनी शिष्यांना स्कूटर ढकलत आणायला लावली. पेपरवाला तर नळ्या आल्या की सायकलवरून उतरायचा आणि नळ्या ओलांडल्या की पुन्हा बसायचा. राहिले बाहेरचे. त्यांच्यासाठी धाकटी स्वतः सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभी राहिली. तिनं कुणाला अडवलं नाही. ती फक्त बघायची. तिच्या त्या बघण्याखाली शाळेच्या कितीतरी तुकड्या शिस्तीत आल्या होत्या. मोठमोठ्या गाड्यांतली मोठमोठी माणसं तिच्यासमोरून मान खाली घालून, गोगलगायीसारखी जायची.

थोरली वरून खिडकीतून बघत होती. तिला डोळ्यांवर विश्वास बसेना. ही आपलीच गल्ली? तिसऱ्या दिवशी तिनं काठी उचलली, जिना उतरली आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. एक पाऊल पुढे टाकणार, तोच पलीकडून आवाज आला.

"ताई! मागे हो! मोजणी चाललीय!"

"मग मला मोज की!"

"अगं, नळीत पाय अडकेल. आणि मध्येच गाड्या थांबल्या तर सगळे आकडे बिघडतील. एवढा आठवडा जाऊ दे. मग काय, रस्ता आपलाच आहे!"

थोरली एक क्षण उभी राहिली आणि मागे फिरली. जिना चढायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आठवडा संपला. माणसं आली, नळ्या गुंडाळून घेऊन गेली. त्याच संध्याकाळी गल्ली पुन्हा पूर्वीसारखी पळायला लागली.

पुढच्या आठवड्यात सूनबाई ऑफिसला गेली. शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी मोजणीचे आकडे बघत होता. वयानं तिच्याहून लहान आणि हसरा. पण त्या दिवशी तो जरा जास्तच हसत होता.

"ताई, पेढे द्या! शहरात आम्ही जेवढ्या गल्ल्या मोजल्या, त्यात तुमच्या गल्लीचा पहिला नंबर. इतकी शांत गल्ली मी आजवर पाहिली नाही. काही गाड्या तर इतक्या हळू गेल्यात, की पेटीला वाटलं असेल कुणी चालत चाललंय."

सूनबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे अर्ज?"

"नामंजूर. गरजच नाही म्हटल्यावर काय करणार? आता पुन्हा अर्ज वर्षभरानंतर."

ती संध्याकाळी घरी आली आणि दोघी बहिणींना एकदमच सांगावं म्हणून तिनं धाकटीला वर बोलावून घेतलं.

"मावशी, मोजणीचा निकाल लागला."

"नंबर कितवा?" धाकटीनं विचारलं.

"पहिला."

"बघ ताई! मी म्हटलं नव्हतं?" धाकटीनं पदर सावरला. "मग काम कधी सुरू?"

सूनबाईनं मग सावकाश सगळं सांगितलं. गाड्या किती वेगात जातात हे त्यांना बघायचं होतं. त्या हळू गेल्या. म्हणून काही करायचं कारण उरलं नाही. जसजशी ती बोलत गेली तसतसा धाकटीचा चेहरा, एरवी फळ्यासारखा कोरा आणि ताठ, हळूहळू सैल होत गेला.

"म्हणजे नापास व्हायचं होतं?" ती शेवटी म्हणाली.

"हो, मावशी."

"अगं, मग आधी सांगायचं! नापास होणं काय अवघड आहे? न शिकवताही जमतं!"

सूनबाईला हसू येत होतं, पण तिनं सासूकडे पाहिलं आणि ते गिळलं. थोरली समोरच्या पटावरचं एक प्यादं उगाच पुढे-मागे करत होती.

"वर्ष," ती म्हणाली. "छकुले, या वयात 'पुढच्या वर्षी' म्हणायला जीभ वळत नाही गं."

"ताई, मी..."

"तुला पहिलं यायचं होतं. आलीस. मला नुसतं पलीकडे यायचं होतं."

त्या रात्री, दुसऱ्या रात्री आणि तिसऱ्याही रात्री फोन वाजला, पण थोरलीनं उचलला नाही. समोरच्या खिडकीत उभं राहून धाकटीनं हात हलवले, पांढरा रुमाल फडकवला, एकदा तर अख्खा पट उचलून दाखवला. थोरलीनं पडदा ओढून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटी रस्ते विभागाच्या दारात उभी होती.

विभागाची खोली काही मोठी नव्हती. भिंतीवर शहराचा नकाशा, त्याच्याखाली प्लॅस्टिकचे शंकू एकात एक घालून ठेवलेले, मधे चार टेबलं आणि टोकाला साहेबांची काचेची केबिन. केबिनचं दार उघडंच असायचं, कारण ते लागत नसे. सूनबाईनं मावशीला पाहिलं आणि ती टेबलावरचा एक नकाशा उघडून त्यामागे तोंड घालून काहीतरी शोधू लागली.

"साहेब," धाकटी खुर्चीत न बसताच म्हणाली, "त्या आठवड्यात आमच्या गल्लीनं कॉपी केली."

साहेबांनी चष्मा वर केला. "काय केलं?"

"कॉपी. मोजणी आहे हे आम्हाला आधी कळलं, म्हणून सगळे हळू गेले. मीच सांगितलं सगळ्यांना. आयुष्यभर दुसऱ्यांची कॉपी पकडली आणि आता अख्ख्या गल्लीला कॉपी पुरवली. निकाल रद्द करा."

लोक काम का झालं नाही म्हणून ओरडायला येतात, हे साहेबांच्या अंगवळणी पडलं होतं. आपलाच निकाल रद्द करा म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, एक सांगा," ते म्हणाले. "तुमच्या लोकांनी आठवडाभर गाड्या हळू चालवल्या ना? म्हणजे येतं त्यांना. मग तसंच रोज चालवू द्या. आम्ही रस्ता कशाला उकरायचा?"

"साहेब, तपासणीला साहेब आले की पोरं हाताची घडी घालून बसतात. ते शाळेबाहेर पडले की काय होतं ते बघितलंय कधी?"

"मी त्या पोरांतलाच होतो," साहेब म्हणाले आणि हसले. मग गंभीर झाले. "पण नियम आहे. लगेच पुन्हा मोजणी मला करता येणार नाही."

तेव्हा शेजारच्या टेबलावरचा तरुण उठून आला. "साहेब, मोजणी नाही करता येणार, पण चाचणी करता येईल. पक्कं काही बांधायचं नाही. कुंड्या ठेवायच्या, पट्टे रंगवायचे, काही दिवस बघायचं. फरक पडला तर पुढचं."

साहेबांनी मान डोलावली. तरुणानं टेबलावर गल्लीचा आराखडा पसरला. त्यावर त्यानं पुठ्ठ्याची एक छोटी कचरागाडी ठेवली आणि बोटानं ती चालवू लागला. गल्ली अरुंद करायची तर सगळ्यात मोठी गाडी तिथून जाते का, हे आधी बघावं लागतं.

"दोन्ही बाजूंनी फुटपाथ असा थोडा रस्त्यात पुढे आणायचा," त्यानं धाकटीला दाखवलं. "मधे एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा. समोरून कुणी येत असेल तर थांबावं लागेल, म्हणजे वेग आपोआप कमी. आणि पायी माणसाला ओलांडायला निम्माच रस्ता उरतो."

"छान," धाकटी म्हणाली. "हे त्या टोकाला करा."

"नाही, बाई. लोक जिथं ओलांडतात तिथंच करावं लागतं. इथं." त्यानं पेन्सिल टेकवली ती बरोबर धाकटीच्या फाटकासमोर.

"तिथं माझी गाडी उभी असते."

"हो, मी बघून आलोय. म्हणून तर तिथंच हवं." तो शांतपणे, एखाद्या मुलाला गणित समजावावं तसा सांगत होता. "इथून कुणी रस्त्यात उतरलं ना, की ते त्या लांब गाडीच्या आड असतं. गाडीपुढून बाहेर येईपर्यंत येणाऱ्या ड्रायव्हरला दिसतच नाही. आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यातून माणूस हळू चालणारं असेल तर विचारूच नका. ती गाडी तिथून हलली, तर निम्मं काम तिथंच झालं."

धाकटीच्या डोळ्यांसमोर ती दुपार होती. फाटकातून बाहेर पडलेली ताई, आणि गटाराशी पडलेली काठी. गाडीवाल्याला तिनं त्या दिवशी काय काय म्हटलं होतं! स्वतःची गाडी मात्र संध्याकाळी नेहमीसारखी पुसली होती.

नकाशामागून सूनबाई बाहेर आली आणि तिनं मावशीसाठी खुर्ची पुढे ओढली. या वेळी धाकटी बसली.

"सही कुठं करायची?" तिनं विचारलं.

"इथं. आणि एक अट आहे, बाई. चाचणी चालू असताना गल्लीत कुणाला काही सांगायचं नाही. छत्री घेऊन उभं राहायचं नाही. बघायचंसुद्धा नाही."

"बघायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बघता तसं बघायचं नाही," सूनबाई म्हणाली.

पुढच्या शनिवारी सकाळी गल्लीत रंगाचे डबे आले, मोठमोठ्या कुंड्या आल्या. धाकटीनं आपली गाडी काढली आणि मागच्या रस्त्यावर, पायी बऱ्याच अंतरावर नेऊन लावली. जाताना तिच्या बॉनेटवर उगाच एकदा हात फिरवला. तरुण पट्टे आखून देत होता, रंगारी रंगवत होते. गल्लीतली माणसं आपापल्या दाराशी उभी राहून सल्ले देत होती, फुकट आणि भरपूर.

मग कचरागाडी आली. खरी, पुठ्ठ्याची नव्हे. ड्रायव्हरनं काचेतून मान बाहेर काढली आणि कुंड्यांकडे बघितलं.

"साहेब, इथून गाडी न्यायची की सुईत ओवायची?"

"ओवून तर बघा," तरुण म्हणाला.

गाडी इंचाइंचानं पुढे सरकली. पुढची चाकं गेली, पोट गेलं, आणि सगळे टाळ्या वाजवणार तेवढ्यात मागच्या चाकानं कडेची कुंडी अलगद आडवी केली. कुंडीतलं रोप ड्रायव्हरला नमस्कार घालून पडलं.

"वळताना मागची चाकं आतून येतात," ड्रायव्हर म्हणाला. "माझा दोष नाही."

"नाही, माझाच आहे. मी पुठ्ठा थोडा बारीक कापला," तरुण म्हणाला. त्यानं कुंडी वीतभर मागे घेतली. गाडी मागे आली, पुन्हा गेली. या वेळी कुंडीला वाराही लागला नाही.

हे सगळं होत असताना धाकटी आपल्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसली होती. कुंड्या सरळ रेषेत नाहीत, हे तिला तिथून दिसत होतं. पण तिनं अवाक्षर काढलं नाही. गाण्याच्या बाईंना वाटलं तिची दाढ दुखते आहे. त्यांनी तिला दातांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी हॉर्न फार वाजले. कुंड्यांपाशी समोरासमोर दोन गाड्या आल्या की आधी कुणी जायचं यावर दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बघत बसायचे. मग एक जण हात करायचा, दुसरा जायचा. हळूहळू हॉर्न कमी झाले. सिग्नल चुकवायला येणाऱ्यांना कळलं, की इथं थांबावंच लागतं. त्यातले कितीतरी मग सिग्नललाच थांबू लागले.

थोरलीचा पडदा अजून ओढलेला होता. पण त्याच्या एका कडेला बोटभर फट असायची, आणि सूनबाईला ती रोज सकाळी कालच्यापेक्षा थोडी मोठी दिसायची. सूनबाई एकदा फक्त म्हणाली, "आई, मावशीनं गाडी मागच्या रस्त्यावर लावलीय. भाजी घेऊन तिथून चालत येते."

"चालू दे. चालणं चांगलं असतं," थोरली म्हणाली. पण तिनं पडदा सरकवला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघितलं.

एका सकाळी, उन्हं कोवळी असताना, धाकटी अंगणात झाडांना पाणी घालत होती. समोरच्या जिन्यावर तिला काठीचा आवाज ऐकू आला. टक. थांबून, टक. तिच्या हातातली झारी तिथंच थांबली. पाणी एकाच झाडाला जात राहिलं.

थोरली फुटपाथच्या पुढे आलेल्या टोकावर येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना कुंड्या होत्या, आणि पलीकडची कडा इतकी जवळ दिसत होती की तिनं चष्मा सारखा केला. उजवीकडून एक गाडी येत होती. अरुंद जागेजवळ येताना तिचा वेग आपोआप मंदावला. आतल्या माणसाला कुंड्यांमध्ये उभी असलेली म्हातारी स्वच्छ दिसली आणि तो थांबला. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं हात करून म्हटलं, या.

ती निघाली. टक, पाऊल, पाऊल. टक, पाऊल, पाऊल. रस्त्याच्या मध्यावर ती क्षणभर थबकली. पण थोरली घाबरून थांबली नव्हती. ती नुसती डावीकडे, उजवीकडे बघत होती, गल्ली या जागेवरून कशी दिसते ते. मग पुन्हा टक, आणि ती या कडेला पोचली. गाडीवाला निघून गेला. त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"ताई!" धाकटी फाटक उघडून धावली. "आलीस! चल, आत चल. चहा टाकते. पट मांडते. आज तू पांढरी घे."

"त्या झाडाला बुडवून मारलंस," थोरली म्हणाली. मग तिनं धाकटीच्या गालाला हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला. "वाळलीस गं. खूप चालतेस वाटतं."

"हो. म्हणजे, नाही. चल ना आत."

"येते. जरा वेळानं." आणि थोरली फाटकात न शिरता पुढे चालू लागली, फुटपाथनं, सरळ.

"अगं, कुठं निघालीस?"

"कोपऱ्यापर्यंत. तिथं नवं दुकान उघडलंय. माझ्या खिडकीतून त्याच्या पाटीची पहिली तीनच अक्षरं दिसतात, पुढचं झाडाआड जातं. कित्येक दिवस विचार करतेय, पुढं काय असेल. मला तर मिठाईचं वाटतंय."

ते दुकान कसलं हे धाकटीला चांगलं माहीत होतं. कालच तिनं तिथून बटणं आणली होती. उत्तर तिच्या अगदी जिभेवर आलं. वर्गात कुणाला उत्तर सापडायला उशीर झाला की तिला राहवायचं नाही, ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची.

तिनं ओठ मिटले आणि फाटकाला टेकून उभी राहिली. थोरली काठी टेकत, मधेच थांबून कुणाच्या कुंड्या बघत, कोपऱ्याकडे चालली होती. पाटीसमोर ती थांबली. मान वर केली. आणि मग तिचं हसणं इथपर्यंत ऐकू आलं.